साखळीचे वंगण

किला गेटाहून हजिऱ्याकडे जाताना उन्हाळ्यात जी धूळ उडते, ती मोटारसायकलच्या उघड्या साखळीवर बसते. साखळीला भरपूर तेल पाजले की झाले, असा आमचाही समज होता. वंगण हवे ते आत, सांध्यांत; बाहेरचे जादा तेल धूळ धरून ठेवते आणि दात कानशीसारखे झिजविते.

फेरीनंतर साखळी कोमट असताना रॉकेलच्या फडक्याने पुसावी, आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑइल थेंब थेंब सोडावे, जरा वेळाने वरचे पुसून टाकावे. डांबरी रस्त्यावर सुमारे ५०० किलोमीटरांनी. चिखल-पाण्यातून आल्यास त्याच दिवशी.

इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे. आमच्या एका विद्यार्थ्याने गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडके लावले. त्याच्या तर्जनीचे पेर गेले.