एकदाच लिहायचा कोड

कुर्ला पश्चिमेच्या आतल्या गल्ल्यांत लहान कारखान्यांचे गाळे आहेत. माल किती आला, किती गेला, कुणाचं बिल थकलं, हे प्रत्येकाला टिपून ठेवावं लागतं. कुणी वहीत ठेवतं, कुणी एक्सेलमध्ये. हीच टिपणं ब्राउझरमधून ठेवायची ठरली की प्रोग्रामरला बोलावणं जातं.

त्याचं काम मात्र जागोजागी तेच असतं. नवी नोंद करा, शोधून दाखवा, दुरुस्त करा, काढून टाका. वेब अ‍ॅप्लिकेशन कारखान्याचं असो की दवाखान्याचं, डेटाबेसशी होणारा व्यवहार बहुतेक या चार क्रियांचाच. पण प्रत्येकीमागे फॉर्म हवा, भरलेली माहिती तपासायला हवी, परवानगी पाहायला हवी. ग्राहकासाठी हे लिहून झालं की पुरवठादारासाठी पुन्हा, मालासाठी पुन्हा. हुशार माणसांचे महिनेच्या महिने यात जावेत, याची हळहळ वाटते.

ही पुनरुक्ती टाळायला, सर्वांनी वापरायचा सामायिक कोड, म्हणजे ‘फ्रेमवर्क’, लिहायचे प्रयत्न जगभर झाले. २००४ मध्ये आलेलं ‘रुबी ऑन रेल्स’ डेटाबेसमधल्या टेबलाचे रकाने स्वतःच वाचून घेतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेलं ‘जँगो’ २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात नोंदीचं वर्णन लिहिलं की ती भरायचा पडदा तयार मिळतो.

कुर्ल्याच्या पुढचं स्टेशन विद्याविहार. तिथल्या नीलकंठ बिझनेस पार्कमध्ये पत्ता असलेल्या ‘फ्रापे टेक्नॉलॉजीज’ने वेगळी वाट धरली. ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये ही कंपनी सुरू केली, तेव्हा तिचं नाव ‘वेब नोट्स’ होतं. ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर तिचंच. त्याच्या पोटात आहे फ्रापे फ्रेमवर्क, आणि फ्रेमवर्कच्या मुळाशी आहे ‘डॉकटाइप’.

ग्राहक हा एक डॉकटाइप, बिल हा दुसरा. त्यात कोणते रकाने, कोणता सक्तीचा, कुणाला काय करता येईल, एवढं पडद्यावर भरायचं. टेबल, फॉर्म, यादी, इतर सॉफ्टवेअरला नोंदी देण्याघेण्याची सोय, सगळं त्यातून उभं राहतं. गंमत अशी की डॉकटाइपचं वर्णन हीसुद्धा डेटाबेसमधली एक नोंदच असते, आणि ती नोंद सांभाळायलाही एक डॉकटाइपच असतो. प्रोग्रामरच्या वाट्याला उरतं ते त्या धंद्याचं वेगळेपण: सवलत कधी द्यायची, उधारी कुठे थांबवायची.

या सामायिक कोडमधली सर्वांत मोलाची गोष्ट हिशेबनिसाला चटकन पटेल. बिलासारख्या कागदाच्या तीन अवस्था असतात: ० म्हणजे कच्चा, १ म्हणजे पक्का, २ म्हणजे रद्द. पक्क्या बिलाची रक्कम गुपचूप बदलता येत नाही. ते रद्द करून सुधारित बिल करावं लागतं, आणि नव्यावर जुन्याचा क्रमांक राहतो. नोंद कुणी केली, शेवटी कुणी बदलली, हेही आपोआप टिपलं जातं. दोघांनी एकच नोंद उघडून एकाने आधी जतन केली, तर दुसऱ्याला ती पुन्हा उघडून घ्यावी लागते. पहिल्याचा बदल पुसला जात नाही. प्रत्येक गाळ्याच्या प्रोग्रामरने ही काळजी वेगवेगळी घ्यायची म्हटली, तर कुठेतरी ती राहूनच जाणार.

अर्थात सामायिक कोडमधली चूकही सामायिक होते. रेल्समध्ये फॉर्ममधून आलेले सगळे रकाने एका फटक्यात नोंदीत भरायची सोय होती. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव या रशियन प्रोग्रामरने तिचा फायदा घेऊन, परवानगी नसताना, रेल्सवरच चालणाऱ्या ‘गिटहब’ या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुद्द रेल्सच्याच कोडमध्ये बदल करून दाखवला. पुढच्या वर्षी आलेल्या रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत, कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी प्रोग्रामरने आधी द्यावी, हा नियम झाला. फ्रापेमध्ये रकान्यांनाही परवानगीच्या पातळ्या लावता येतात: खरेदीचा भाव लेखा विभागाला दिसतो, आणि त्याच नोंदीत गोदामातल्या कामगाराला फक्त नग.