किती काढायचं?

जठराच्या कर्करोगात सर्जनची खरी कसोटी लागते ती गाठीच्या पलीकडे. गाठ तर काढायचीच. पण जठराभोवतीच्या चरबीत दडलेल्या लसिकाग्रंथी, ज्यांना वॉर्डात सगळे 'नोड्स' म्हणतात, त्या कुठवर काढायच्या? थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात जठराचा रोगट भाग काढून दाखवला. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून सावरली, पण रोग उलटला आणि काही महिन्यांत ती गेली. हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याचा पाठपुरावा सर्वांत चिकाटीने केला जपानने. १९६२ साली तिथे या रोगाची नियमावली निघाली आणि ग्रंथींच्या प्रत्येक गटाला क्रमांक मिळाला. जठराला लागून असलेले १ ते ६, मोठ्या रक्तवाहिन्यांलगतचे ७, ८, ९, प्लीहेच्या मुखाशी १०, महाधमनीजवळ १६. शस्त्रक्रिया आटोपली की तिथले सर्जन काढलेलं जठर टेबलावर पसरतात, चरबीतून एकेक ग्रंथी सोडवतात आणि ज्या त्या क्रमांकाच्या डबीत टाकतात. जवळच्या ग्रंथी काढणं म्हणजे डी-१, रक्तवाहिन्यांलगतच्याही काढणं म्हणजे डी-२. जपानी सर्जनांचा डी-२ वर भरवसा होता. पाश्चात्त्यांना मात्र चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना हवी होती.

ती नेदरलँड्समध्ये १९८९ ते १९९३ या काळात झाली. जपानचे मित्सुरू सासाको डच सर्जनांना शिकवायला स्वतः गेले. रोग समूळ काढता येईल अशा ७११ रुग्णांचे निकाल धक्कादायक होते : डी-१ नंतर रुग्णालयात ४ टक्के दगावले, डी-२ नंतर १० टक्के. पाच वर्षांनी हयात होते अनुक्रमे ४५ आणि ४७ टक्के. ब्रिटनच्या चाचणीतही मृत्यूंचं प्रमाण दुप्पट, ६.५ विरुद्ध १३ टक्के. युरोपातल्या अनेकांनी डी-२ चा नाद सोडला.

माझ्या मते ती घाई झाली. जठराच्या वरच्या भागातल्या कर्करोगात तेव्हाच्या डी-२ बरोबर प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूटही काढत, आणि बरीचशी गुंतागुंत तिथूनच उद्भवली. शिवाय डच चाचणीत ८० रुग्णालयं होती. म्हणजे एकेका ठिकाणी वर्षाला सरासरी दोन-तीनच रुग्ण. एवढ्यावर हात बसणार कसा? औषधाच्या चाचणीत गोळी सगळीकडे एकच असते, शस्त्रक्रियेच्या चाचणीत हात वेगवेगळे असतात. तैवानमधल्या एकाच रुग्णालयात, प्रत्येकी किमान २५ अशा शस्त्रक्रिया आधी केलेल्या सर्जनांनी अशीच, मर्यादित विरुद्ध विस्तृत शस्त्रक्रियेची, तुलना २२१ रुग्णांवर केली. त्यांच्याकडे शस्त्रक्रियेमुळे एकही मृत्यू झाला नाही, आणि २००६ च्या अहवालात पाच वर्षांनंतरचं पारडं विस्तृत शस्त्रक्रियेकडे झुकलं : ५९.५ विरुद्ध ५३.६ टक्के.

डच संशोधकांचं मोठेपण असं, की त्यांनी आपल्या रुग्णांचा माग सोडला नाही. पंधरा वर्षांनी, २०१० साली, त्यांनीच लिहिलं की कर्करोगाने झालेले मृत्यू डी-१ गटात ४८ टक्के होते, तर डी-२ गटात ३७. एकूण हयातीतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नव्हता, तरी प्लीहा राखून केलेली डी-२ हीच शिफारस त्यांनी केली.

जपाननेही स्वतःच्या सवयी तपासल्या, आणि मला हे अधिक मोलाचं वाटतं. महाधमनीलगतच्या ग्रंथीही काढल्या तर? ५२३ रुग्णांच्या चाचणीचं उत्तर २००८ साली आलं : काही फायदा नाही. प्लीहा सरसकट काढण्याची चालही २०१७ च्या निकालाने मोडीत निघाली.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल इतकंच, की प्राथमिक अवस्थेतल्या रोगात ती पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरली. कोरियातल्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी दोन्ही गटांत ९३-९४ टक्के रुग्ण हयात होते. आणि आता शस्त्रक्रिया एकटी उरलेली नाही. आधी-नंतर केमो देण्याच्या जर्मन चाचणीत, २०१९ साली, नव्या औषधयोजनेने मध्यक आयुर्मान ३५ वरून ५० महिन्यांवर गेलं. केमोनंतरही डी-२ सुरक्षितपणे करता येते, हे परळच्या टाटा मेमोरियलमधून शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे.

रोग दूरवर पसरलेला असला तरी नातेवाईक कळकळीने म्हणतात, "डॉक्टर, निदान गाठ तरी काढून टाका." जपान, कोरिया आणि सिंगापूरमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. २०१६ साली निकाल आला : अशा रुग्णांत आधी जठर काढून मग केमो दिल्याने आयुष्य वाढत नाही, त्यांना थेट केमोच सुरू करावी.