विश्लेषण : ६० वर्षांपूर्वी ‘कायमचा मिटलेला’ जपान-कोरिया भरपाईचा वाद अजून का धुमसतोय?

डिसेंबर २००९ मध्ये जपान सरकारने दक्षिण कोरियातील काही वृद्ध महिलांना प्रत्येकी ९९ येन दिले. तेव्हाच्या दराने साधारण ५० रुपये. १९४४ मध्ये या महिला १३-१४ वर्षांच्या होत्या. ‘जपानमध्ये शाळा शिकायला मिळेल’ असे सांगून त्यांना नागोयातील मित्सुबिशीच्या विमान कारखान्यात नेण्यात आले होते. तिथे पगारातून निवृत्तिवेतनासाठी कापलेली रक्कम ६५ वर्षांनी परत मिळाली, ती महागाईचा कोणताही हिशेब न धरता. जपानच्या नियमपुस्तिकेत हे बरोबर होते. कोरियात मात्र संतापाची लाट उसळली.

नियमाने बरोबर आणि तरीही अपमानास्पद, असे या वादात वारंवार घडते. त्यामुळेच दोन श्रीमंत लोकशाही देश, दोघेही अमेरिकेचे मित्र, दोघांनाही उत्तर कोरियाची धास्ती, तरी ८० वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धाचा हिशेब मिटवू शकलेले नाहीत.

वाद नेमका कशाचा?

१९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. युद्ध पेटल्यावर जपानमधील खाणी, पोलाद कारखाने, गोद्या यांना माणसे कमी पडू लागली. लाखो कोरियन पुरुष तिथे नेले गेले; आधी भरतीच्या नावाखाली, १९४४ पासून उघड सक्तीने. दुसरा प्रश्न त्याहून भयंकर. जपानी लष्करासाठी चालवल्या जाणाऱ्या केंद्रांत कोरियन मुली-महिलांचे लैंगिक शोषण झाले. त्यांना ‘कम्फर्ट वुमन’ असे गोंडस नाव देण्यात आले.

१९६५ च्या करारात काय ठरले?

२२ जून १९६५ रोजी दोन्ही देशांनी राजनैतिक संबंध प्रस्थापित करण्याच्या करारावर सह्या केल्या. सोबत दाव्यांबाबतचा करार झाला. जपानने ३० कोटी डॉलरचे अनुदान आणि २० कोटी डॉलरचे स्वस्त कर्ज देऊ केले. बदल्यात दोन्ही देशांचे आणि त्यांच्या नागरिकांचे दावे ‘पूर्णपणे व अंतिमतः’ निकाली निघाल्याचे कलम घातले गेले. जपानची आजची भूमिका या एका वाक्यावर उभी आहे.

पैसे कुठे गेले? लष्करशहा पार्क चुंग-ही यांना देश उभा करायचा होता. पोहांगचा पोलाद कारखाना (आजची पोस्को कंपनी) आणि सोल-बुसान महामार्ग यांत या निधीचा वाटा आहे. वाटाघाटींची कागदपत्रे २००५ मध्ये खुली झाली तेव्हा कळले, की कोरियाने तब्बल १० लाख ३० हजार लोकांच्या नावे भरपाई मागितली होती. व्यक्तींना थेट पैसे देण्याचा पर्याय जपानने मांडला होता. पण एकरकमी द्या, वाटप आम्ही पाहू, असे सोलने सांगितले. प्रत्यक्षात १९७५ ते ७७ दरम्यान ८,५५२ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख वॉन मिळाले. जिवंत परतलेल्यांच्या हाती काहीच आले नाही. ज्यांच्या नावावर पैसे आले त्यांना वगळून देश उभा राहिला, हे कोरियातही उघडपणे बोलायला पुढे अनेक वर्षे लागली.

मग ‘अंतिम’ म्हणजे अंतिम का नाही?

इथे खरी मेख आहे. त्याच दिवशी झालेल्या मूलभूत संबंधांच्या करारात १९१० व त्यापूर्वीचे करार ‘आधीच रद्दबातल’ असल्याचे म्हटले आहे. ‘आधीच’ म्हणजे कधीपासून? कोरिया म्हणतो, पहिल्या दिवसापासून. म्हणजे ताबाच बेकायदा होता. जपान म्हणतो, युद्धानंतर. म्हणजे तोवर तो कायदेशीर होता. सही करताना दोघांनाही सोयीचा वाटलेला हा मोघम शब्द आज महागात पडतो आहे. ताबा कायदेशीर मानला तर कोरियन मजूर हे जपानचे तेव्हाचे नागरिक ठरतात आणि त्यांची भरती ही युद्धकाळातील कायद्याने झालेली भरती ठरते.

हा शब्दच्छल वाटत असेल तर एक उदाहरण पाहा. मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकी युद्धकैद्यांची माफी मागितली. २०१६ मध्ये चिनी मजुरांशी तडजोड करून प्रत्येकी एक लाख युआन द्यायचे मान्य केले. कोरियन मजुरांसाठी मात्र तसे काही झाले नाही.

आणखी एक गाठ आहे. करारामुळे व्यक्तीचा दावा नष्ट होत नाही, फक्त सरकारने तो दुसऱ्या सरकारकडे मांडण्याचा अधिकार सोडला जातो, असे जपानच्या परराष्ट्र खात्यानेच १९९१ मध्ये संसदेत सांगितले होते. २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री तारो कोनो यांनीही दावा नष्ट झालेला नाही, पण त्यावर दाद मिळू शकत नाही, अशी भूमिका घेतली. हक्क आहे, पण बजावता येत नाही!

महिलांचा प्रश्न कधी पुढे आला?

१९६५ च्या चर्चेत त्यांचा विषय जवळजवळ नव्हताच. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन यांनी स्वतःच्या नावानिशी पत्रकारांसमोर साक्ष दिली आणि गप्प बसलेल्या इतर महिलांनाही बळ मिळाले. दोन वर्षांनी जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव योहेई कोनो (तारो यांचे वडील) यांनी लष्कराचा सहभाग मान्य करून माफी मागितली. डिसेंबर २०१५ मध्ये शिंझो आबे सरकारने एक अब्ज येन देण्याचे मान्य केले आणि प्रश्न ‘अंतिमतः व अपरिवर्तनीयरीत्या’ सुटल्याचे दोन्ही सरकारांनी जाहीर केले. तेव्हा हयात असलेल्या ४७ पैकी ३४ महिलांनी पैसे स्वीकारले. पण आमच्याशी चर्चा न करता आमच्या वतीने करार कसा केला, हा इतरांचा सवाल होता. २०१८ मध्ये कोरियाच्या नव्या सरकारने यासाठीची संस्था गुंडाळली. जपानच्या दृष्टीने हा सरळ शब्द फिरवणे होते आणि ही तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

तुमच्या फोनशी याचा काय संबंध?

३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टीलला चार मजुरांना प्रत्येकी १० कोटी वॉन (तेव्हा सुमारे ६४ लाख रुपये) देण्याचा आदेश दिला. चौघांपैकी हयात होता एकच, वय ९४. ही थकीत पगाराची नव्हे, तर बेकायदा राजवटीतील अमानुष वागणुकीची भरपाई असल्याने १९६५ च्या करारात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. महिनाभरात मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजविरुद्धही निकाल लागला. कंपन्यांनी पैसे दिले नाहीत, तेव्हा कोरियातील त्यांची मालमत्ता जप्त करण्याची प्रक्रिया सुरू झाली.

जुलै २०१९ मध्ये जपानने तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. चिपच्या सिलिकॉन चकतीवर नको तो थर कोरून काढणारे व ती स्वच्छ करणारे हायड्रोजन फ्लोराइड, सर्किटची नक्षी उमटवण्यासाठी लागणारे फोटोरेझिस्ट आणि डिस्प्लेसाठी लागणारे फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. सॅमसंग आणि एसके हायनिक्स जगाला मेमरी चिप पुरवतात आणि या रसायनांत जपानचा दबदबा होता. हे राष्ट्रीय सुरक्षेसाठी आहे, निकालाशी संबंध नाही, असे टोकियोने सांगितले. कोरियात त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. ग्राहकांनी जपानी बिअर आणि युनिक्लोच्या कपड्यांवर बहिष्कार टाकला. गुप्तचर माहितीच्या देवाणघेवाणीचा करारही मोडता मोडता वाचला.

२०२३ चा तोडगा काय होता?

मार्च २०२३ मध्ये अध्यक्ष यून सुक-योल यांनी तिसराच मार्ग काढला. पैसे जपानी कंपन्या देणार नाहीत, कोरियातील एक सरकारी प्रतिष्ठान देईल. त्यात पहिली मोठी भर ४ अब्ज वॉनची होती आणि ती घातली पोस्कोने, म्हणजे १९६५ च्या पैशांतून उभ्या राहिलेल्या कंपनीने. दहा दिवसांत यून टोकियोला पोहोचले, निर्बंधही उठले. बहुतेक दावेदारांनी रक्कम घेतली. काहींनी सपशेल नकार दिला. त्यांच्या नावे न्यायालयात पैसे जमा करण्याचा सरकारचा प्रयत्न न्यायालयाच्या अधिकाऱ्यांनीच फेटाळला. ज्याने राबवून घेतले त्याने द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्रकरणात तसे घडलेही. जप्ती टाळण्यासाठी हिताची झोसेन कंपनीने न्यायालयात अनामत ठेवलेले ६ कोटी वॉन दावेदाराला मिळाले. जपानी कंपनीचा पैसा मजुराच्या कुटुंबापर्यंत पोहोचण्याची ही पहिली वेळ. जपानने लगेच निषेध नोंदवला.

आता स्थिती काय?

यून यांच्या जपानधोरणावर विरोधी पक्षात असताना सडकून टीका करणारे ली जे-म्युंग जून २०२५ मध्ये अध्यक्ष झाले. पण ऑगस्टमध्ये टोकियोला जाताना, आधीचे करार मोडणार नाही, असे त्यांनी सांगितले. चीन, उत्तर कोरिया आणि अमेरिकेचे आयातशुल्क समोर असताना त्यांना दुसरे करणे कठीणच होते.

वाद मात्र नव्या जागा शोधतो. जुलै २०२४ मध्ये जपानमधील सादो बेटावरील सोन्याच्या खाणींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. युद्धकाळात तिथे सुमारे दीड हजार कोरियन मजूर होते. सर्व मजुरांच्या स्मरणार्थ दरवर्षी कार्यक्रम घेण्याचे जपानने मान्य केले. नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्याच कार्यक्रमावर कोरियाने बहिष्कार टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच स्वतःची वेगळी श्रद्धांजली सभा घेतली. २०२५ मध्येही कोरिया जपानच्या कार्यक्रमाला गेला नाही. मजुरांना ‘सक्तीने’ आणले होते, हा शब्द भाषणात यावा की नाही, यावर तेव्हाही एकमत झाले नव्हते.