पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट वय विचारत नाही

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारा द्रव तपासण्यासाठी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढतात. रिपोर्टमध्ये प्रथिनांच्या आकड्याशेजारी बहुधा एकच नॉर्मल मर्यादा छापलेली असते : दर डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम. विशीतल्या मुलीला आणि सत्तरीतल्या आजोबांना एकाच मापाने मोजणारी ही मर्यादा बदलायला हवी. लहानग्यांच्या बाबतीत हे तत्त्व डॉक्टरांनी केव्हाच मान्य केले आहे. नवजात बाळात हे प्रमाण शंभराच्या पुढेही असू शकते, काही महिन्यांत ते झपाट्याने उतरते आणि बालपणी सर्वांत कमी असते. म्हणून बाळांसाठी वेगळी मर्यादा वापरतात. मग पन्नाशी ओलांडलेल्यांना ही सवलत का नाही?

वयानुसार आकडा का बदलतो, हे या द्रवाच्या घडणीतून कळते. प्रौढाच्या शरीरात तो सुमारे दीडशे मिलिलिटर असतो, पण दिवसाला अर्धा लिटर नवा तयार होतो आणि जुना रक्तात परत जातो. त्यातली सुमारे ८० टक्के प्रथिने रक्तातूनच झिरपून आलेली असतात. द्रवाचा प्रवाह मंदावला, की झिरपायला जास्त वेळ मिळतो आणि प्रमाण वाढते. वाढत्या वयात हेच घडते, असे मानले जाते. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतात तयार होते, त्यामुळे द्रवात सापडणारे अल्ब्युमिन रक्तातूनच आलेले असते. दोन्हीकडच्या अल्ब्युमिनचे गुणोत्तरही वयाबरोबर चढते आणि सरासरीने पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा जास्त असते. कॅनडातील संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातून दिसले, की पन्नाशीनंतर वरची मर्यादा ६०च्याही पुढे जाते.

यावर पहिला आक्षेप असा, की वाढलेला आकडा वयाचा नसून म्हातारपणी लपून बसलेल्या आजारांचा असेल. मधुमेह आणि मणक्यांमधली अडचण यांनी प्रथिने वाढतात, हे खरेच. पण मेंदू-मज्जेचे आजार वगळलेल्या लोकांमध्येही हा चढ दिसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मर्यादा वाढवली तर खरा रोग निसटेल. मात्र क्षयाच्या मेनिंजायटिससारख्या रोगात निदान केवळ प्रथिनांवर होत नाही. पेशींची संख्या, साखर आणि रुग्णाची लक्षणे एकत्र पाहावी लागतात. नसांच्या गियाँ-बारे आजारात तर पहिल्या आठवड्यात प्रथिने नॉर्मलही असू शकतात. चुकीच्या मर्यादेचा तोटा मात्र नक्की होतो. पासष्टीच्या मधुमेही पुरुषाचे पाय बधिर झाले आणि आकडा ५५ आला, तर नसांच्या दाहाचा शिक्का बसून स्टेरॉइड किंवा महागडे इम्युनोग्लोब्युलिन विनाकारण सुरू होऊ शकते. उलट आठ वर्षांच्या मुलाचा ४४ हा आकडा मर्यादेत बसतो म्हणून दुर्लक्षिला जाऊ शकतो.

स्त्री-पुरुषांमधला फरक वयाच्या फरकाइतका मोठा नाही. त्यामुळे आधी वयोगटानुसार मर्यादा छापाव्यात आणि सीमेवरचा आकडा वाचताना लिंगही ध्यानात घ्यावे. प्रयोगशाळांना यासाठी नवे यंत्र लागत नाही, रिपोर्टचा नमुना बदलला तरी पुरे. तोवर रुग्णांनी आणि नातेवाइकांनी आकड्यासमोरची खूण पाहून घाबरू नये, 'या वयाला हा आकडा जास्त आहे का?' एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.