सेलचं झाकण पांढरं का राहिलं?

फुलीच्या बटणावर, म्हणजे चार दिशांना दाबायच्या बटणावर, लिहायचं गेल्या वेळचं वचन मी एका आठवड्याने पुढे ढकलतोय. धुळ्याच्या देवपुरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून दुसऱ्या कशावर लिहावंसंच वाटत नाही.

त्यांच्या मुलाने शाळेत असताना एकवीरा देवीच्या यात्रेत ब्रिक गेम घेतला होता. वरून ठोकळे पडतात आणि खाली ओळ जुळवायची असते, तोच. मुलगा नोकरीला लागला, गेम पेटीत गेला, पेटी माळ्यावर गेली. आता नातीने तो शोधून काढला. दोन पेन्सिल सेल घातले आणि गेम लगेच चालू झाला. पण पांढरं अंग पार पिवळं पडलेलं, आणि मागचं सेलचं झाकण मात्र आज दुकानातून आणल्यासारखं पांढरं. सासूबाईंनी गेम उलटासुलटा करून विचारलं, "हाई पिवयं कसं व्हयनं?" ताई म्हणाल्या, ऊन लागलं असेल. मग त्यांना स्वतःलाच शंका आली: पेटीत ऊन कुठून येणार? आणि आलंच असेल, तर झाकणाला का नाही लागलं?

जुन्या वस्तू पिवळ्या पडतातच, असं म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही. कवचाच्या रंगाबद्दल मला या लेखमालेत जे सांगायचं होतं ते जवळजवळ सगळं या झाकणात आहे.

हातात धरायच्या गेमचं कवच बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकचं असतं. त्यात तीन घटक आहेत. स्टायरीनमुळे वितळलेला माल साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज जातो आणि वर चकाकी येते. ॲक्रिलोनायट्राइलमुळे ते घामाला, तेलाला आणि उष्णतेला दाद देत नाही. तिसरं ब्यूटाडाईन, म्हणजे सरळ रबरच. त्याचे सूक्ष्म कण मालात विखुरलेले असतात. गेम फरशीवर आपटला की धक्क्याने जी चीर पडू पाहते ती या कणांशी येऊन थांबते. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएसचे आहेत ते उगाच नाही. यात्रेतल्या स्वस्त गेमला कधी कधी एबीएसऐवजी हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन वापरतात, पण त्यालाही धक्का सोसायची ताकद याच रबरातून मिळते.

आता या रबराची एक अडचण आहे. त्याच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे हल्ला करतो. त्यातून जे नवे रासायनिक गट तयार होतात ते निळा प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्यातून निळा वजा झाला की डोळ्याला पिवळा दिसतो. म्हणजे ज्या घटकाने ताईंच्या मुलाच्या हातून पडलेला गेम फुटू दिला नाही, त्यानेच तो पिवळा केला. कवच करणाऱ्याला यातलं एक घेऊन दुसरं टाळता येत नाही. फार तर अँटिऑक्सिडंट मिसळून हे लांबवता येतं.

उन्हातली अतिनील किरणं या क्रियेला जोर देतात, हे खरं. पण ऊन नसलं तरी हवा आणि उष्णता एवढ्यावर ती चालू राहते. ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, भुसावळला विचारायलाच नको. त्यात माळा पत्र्याखालचा असेल तर पेटीच्या आतलं तापमान त्याहूनही चढतं. पुण्यातल्या कपाटात जे व्हायला वीस वर्षं लागतील ते आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी होतं. गेम धाब्याच्या जुन्या घरात, मातीच्या छताखाली राहिला असता तर इतका पिवळा पडला नसता, असं मला खात्रीने वाटतं.

अनेकांनी वाचलेलं असतं की, जुनी यंत्रं पिवळी पडतात ती आगरोधक ब्रोमीनमुळे. घरातल्या विजेवर चालणाऱ्या संगणकांच्या आणि टीव्हीला जोडायच्या गेमच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण त्यांच्या कवचात आग पसरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायन घालत. पण दोन सेलांवर चालणाऱ्या खेळण्यात ते घालायला फारसं कारण नसतं. तिथे आधी रबराकडे बोट दाखवावं.

आता झाकण.

निन्टेन्डोने १९९१ मध्ये अमेरिकेत सुपर निन्टेन्डो आणला. फिकट राखाडी कवच, वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग वेगळा. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात यातली अशी यंत्रं दिसतात की, वरचा भाग मोहरीसारखा पिवळा आणि खालचा जसाच्या तसा. दोन्ही भाग एकाच खोलीत, एकाच टेबलावर, इतकी वर्षं एकमेकांना चिकटून राहिलेले. फरक बहुधा मालाच्या लॉटचा. एका लॉटमध्ये स्थिर करणारी रसायनं नीट पडली असावीत, दुसऱ्यात नाही. बनवून पेटीत भरताना दोन्ही सारखेच दिसत होते.

ताईंच्या झाकणाची हीच गोष्ट असू शकते. झाकणाचा साचा वेगळा, ते कदाचित वेगळ्या दिवशी, वेगळ्या मशीनवर निघालेलं. पण मला दुसरी एक शक्यता जास्त मोहात पाडते. सेलच्या झाकणाला एक जीभ असते. दर वेळी सेल बदलताना ती वाकते आणि पुन्हा सरळ होते. शेकडो वेळा वाकून न तुटणारं स्वस्त प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. डब्यांची बिजागरीवाली झाकणं त्याचीच असतात. त्यात ब्यूटाडाईन घालावं लागत नाही, त्यामुळे एबीएससारखं पिवळं पडायचं कारणच नाही. ताईंचं झाकण या मालाचं असू शकेल.

हे घरी तपासता येतं. झाकणाला धातूची पट्टी किंवा स्पंज चिकटवलेला असेल तर काढा. वाटीभर पाण्यात झाकण बुडवून, त्यावरचे बुडबुडे बोटाने पुसून सोडून द्या. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, घनता साधारण ०.९०. एबीएस पाण्याहून जड, साधारण १.०५. तरंगलं तर झाकण दुसऱ्या जातीचं. बुडालं तर बहुधा जात तीच, लॉट वेगळा.

तरंगलं तर ते झाकण जळगावच्या चटईचं नातेवाईक आहे. आपल्या एमआयडीसीतल्या चटई कारखान्यांत विणली जाणारी पट्टी पॉलिप्रॉपिलीनचीच. आणि कोणाला वाटेल की, मग सगळं कवचच या मालाचं का करत नाहीत, त्यांनी बिबडे वाळवायला दोन-तीन उन्हाळे गच्चीवर टाकलेली चटई आठवावी. पिवळी पडत नाही, पण कोपरा उचलला की पट्ट्यांचा चुरा होतो. शिवाय हा माल साच्यातून निघून गार होताना बराच आकसतो, एबीएसच्या दुपटीहून जास्त. कवचाचे दोन अर्धे एकमेकांवर केसभर फटीने बसायला हवेत, तिथे एवढं आकसणं परवडत नाही. त्याच्यावर शाई आणि रंगही नीट धरत नाहीत. एका झाकणापुरतं चालतं, अंगाला चालत नाही.

आता पांढऱ्याच्या उलट, काळ्या रंगाचं बघा. भवरलाल जैन यांनी जळगावात पाइपचा आणि पुढे ठिबकचा कारखाना उभा केला, त्यामुळे खानदेशात ठिबकची नळी न पाहिलेला माणूस सापडणार नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ती वर्षानुवर्षं उन्हात पडून असते आणि तरी टिकते, कारण त्या पॉलिथिलीनमध्ये दोन ते तीन टक्के कार्बन ब्लॅक असतं. काजळीची ही बारीक पूड अतिनील किरणं वरच्या वर शोषून घेते, आत जाऊ देत नाही. नळीचा काळा रंग म्हणजे तिचं संरक्षण. हातातल्या गेममध्येही काळं कवच सगळ्यात निर्धास्त. १९८९ चा अटारी लिंक्स आणि १९९० चा सेगा गेम गिअर दोन्ही काळे, आणि आज पाहिले तर वयाची खूण रंगावर दिसत नाही.

तरीही खानदेशात वापरायच्या गेमसाठी मी काळा निवडणार नाही. दुपारी मोटारसायकलच्या सीटवर दहा मिनिटं राहिलेलं काळं यंत्र हातात धरवत नाही. आणि कवच तापलं की आतला एलसीडी पडदाही तापतो. त्यातल्या द्रवाची शिस्त एका तापमानाच्या वर मोडते आणि अख्खा पडदा काळा पडतो. गार झाला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो, पण तोपर्यंत पोरगं रडून मोकळं झालेलं असतं.

मग रंग कुठला? १९८९ चा गेम बॉय मला आजही या प्रश्नाचं सगळ्यात शहाणं उत्तर वाटतो. अंग राखाडी. फुली काळी. आणि फक्त ए आणि बी ही दोन बटणं किरमिजी. राखाडीवर मळ दिसत नाही आणि थोडा पिवळेपणा आला तरी पांढऱ्याइतका उठून दिसत नाही. डोळा मात्र थेट किरमिजी बटणांवर जातो, जिथे अंगठा जायला हवा तिथेच.

यात कारखान्याचा एक हिशेबही आहे, जो रेखाटन करणाऱ्यांना फारसा कोणी सांगत नाही. मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये आधीचा रंग चिकटून राहतो. काळ्यानंतर पांढरा लावला तर कितीतरी वेळ राखाडी रेघांचा माल निघत राहतो. म्हणून पाळी फिक्याकडून गडदाकडे लावतात: पांढरा, पिवळा, लाल, निळा, शेवटी काळा. मधे बॅरल धुताना जे गोळे निघतात ते ग्राइंडरमध्ये दळून त्यांचा पुन्हा दाणा करतात, आणि सगळ्या रंगांच्या त्या मिसळीला गडद रंगाशिवाय काहीच झाकू शकत नाही. अंगाचा एकेक नवा रंग म्हणजे मोठ्या मशीनवर एकेक धुलाई आणि तेवढा वाया माल. बटणांचं तसं नाही. त्यांचा साचा आधीच वेगळा असतो, एका दाबात डझनभर बटणं पडतात आणि माल अगदी थोडा लागतो. मूठभर मास्टरबॅचमध्ये, म्हणजे मालात मिसळायच्या दाट रंगाच्या दाण्यांत, पुष्कळ बटणं रंगतात. यंत्रात रंग आणायची सगळ्यात स्वस्त जागा बटण हीच आहे, आणि योगायोगाने खेळणाऱ्याला रंगाची गरजही तिथेच असते.

१९९५ मध्ये गेम बॉय लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या आणि आरपार कवचात आला. १९९८ च्या गेम बॉय कलरचा आरपार जांभळा तर एका पिढीच्या डोळ्यांत बसला आहे. आरपार कवचाचं मला विशेष कौतुक आहे, कारण तिथे आतल्या बाजूलाही लपायला जागा नसते. साच्याच्या ढकलपिनांचे गोल ठसे, ताकदीसाठी दिलेल्या आडव्या फासळ्या, सर्किटच्या पट्टीवरची डागणी, सगळं गिऱ्हाइकाला दिसतं. एरवी आत कसंही चाललं असतं, तिथेही टापटीप ठेवावी लागते.

आता ताईंनी पत्राच्या शेवटी विचारलंय की, पिवळेपणा जाईल का. जातो. तो वरच्या पातळ थरातच असतो, खाली माल पांढराच असतो. हायड्रोजन परॉक्साइड आणि अतिनील किरणं मिळून तो थर पुन्हा फिका करतात. २००८ पासून जुन्या संगणकांचे शौकीन जगभर हे करताहेत. केस रंगवण्याच्या सामानात मिळणारं क्रीम डेव्हलपर चालतं. गेम आधी पूर्ण उघडायचा. सेल, सर्किटची पट्टी, पडदा, बटणांखालचं रबर सगळं बाजूला. फक्त रिकाम्या कवचाला क्रीम सारखं लावायचं, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म घट्ट गुंडाळायची आणि सकाळच्या उन्हात ठेवून दर तासाला फिरवायचं. क्रीम कुठे वाळलं तर तिथे ढगासारखे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत. रंगीत बटणांना आणि छापील अक्षरांना ते लावू नये, रंग उडतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावं, आणि नातीला त्या वेळी लांब ठेवावं, कारण परॉक्साइडने कातडी आणि डोळे भाजतात. काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो, कारण रबर आणि हवा दोन्ही जागेवरच असतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी तो गेम तसाच ठेवीन. पिवळेपणाने प्लास्टिकची ताकद लगेच जात नाही, आणि ब्रिक गेमचा दहा बाय वीस चौकोनांचा पडदा अजून स्वच्छ दिसतोय, हे जास्त महत्त्वाचं आहे. सेल मात्र खेळून झाला की काढून ठेवावेत. गळक्या सेलने खाल्लेली पट्टी कुठल्याच क्रीमने दुरुस्त होत नाही.

पुढच्या आठवड्यात फुलीचं बटण, १९८२ च्या हातातल्या डाँकी काँगपासून. ज्यांच्याकडे जुना, बिघडलेला गेम असेल त्यांनी तो उघडून बटणांखालचं रबर काढून ठेवावं. त्याच्या पोटाशी काळे गोल ठिपके दिसतील, आपलं काम तिथून सुरू होणार आहे.