मोटारीच्या हवेचा काटा व त्याची पारख

न्हावऱ्याचा घोडगंगा व पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यापासून शिरूर व दौंड तालुक्यांतील पुष्कळ बागाईतदारांच्या दारांत बैलगाडीशेजारीं मालमोटार आली. हंगामांत ऊस वाहावयाचा व आषाढांत दिंडीचें सामान घेऊन पंढरपूर गांठावयाचें, अशी कित्येक गाड्यांची वहिवाटच पडून गेली आहे. कांहीं मंडळी तर जुनी प्रवासी बस विकत घेऊन तिचीं बाकें काढितात, आंत निजावयाच्या फळ्या, पाण्याची टाकी, शेगडी व पंखे बसवितात आणि तिचें चालतें बिऱ्हाड करितात. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं धोरणही जाहीर केलें. गाडींत असे फेरफार करण्यापूर्वीं परिवहन खात्याची मंजुरी लागते, हें येथें एकदां सांगून ठेवितों. आजचा विषय निराळा आहे.

अशा जड गाड्यांचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. इंजिनावरील कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पायानें ब्रेक दाबला कीं ती हवा चाकांजवळच्या डब्यांत शिरते व ब्रेक आवळतो. टाकींत हवा किती आहे हें ड्रायव्हरला कळण्याचीं साधनें दोनच: समोरचा काटा, आणि दाब फार उतरल्यावर लागणारा दिवा किंवा भोंगा. भरल्या टाकीचा दाब साधारणतः ७ ते ८ किलो असतो व ४ ते ५ किलोच्या सुमारास इशारा मिळतो. नेमके आंकडे गाडीच्या पुस्तकांत असतात. कांहीं काट्यांवर पौंड लिहिलेले असतात. १ किलो म्हणजे सुमारें १४ पौंड. जुन्या बसला दुसऱ्याच गाडीचें घड्याळ बसविलेलें आढळल्यास प्रथम हा हिशेब करून पाहावा. कित्येकदां बिघाड तेथेंच मिटतो.

काटा ५ किलोवरच अडून बसला म्हणजे ड्रायव्हर कांचेवर बोटानें टिचक्या मारितो, 'घड्याळ बिघडलें आहे' म्हणतो आणि गाडी हांकतो. हें म्हणणें कधीं खरेंही निघतें. परंतु तें सिद्ध होईपर्यंत काटा खरा व गाडी अपुऱ्या हवेची, असेंच धरून चालावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. उलट दिशेची चूकही महाग पडते. काटा खालीं दिसतांच कॉम्प्रेसर उतरविला, हजारों रुपये खर्चिले, आणि शेवटीं दोष निघाला तो घड्याळामागच्या चिमटलेल्या नळींत, अशी कथा कोणत्याही गॅरेजांत ऐकावयास मिळेल.

काट्याची रचना आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. ठिबकाच्या गाळणीवर जें दाबाचें घड्याळ असतें त्यांतही हीच युक्ति आहे. पॅरिस येथील यूजेन बूर्दों यानें १८४९ सालीं ती काढिली. आंत एक चपटी, वांकविलेली धातूची नळी असते. दाब वाढला कीं ती उलगडूं पाहते व तिला जोडलेला कांटा फिरतो. जुन्या बसमध्यें टाकीपासून बारीक नळी थेट घड्याळापर्यंत आणिलेली असते. दुसऱ्या जातींत दाब ओळखणारें बोंड टाकीवर किंवा व्हॉल्व्हवर बसवून तेथून केवळ विजेची तार घड्याळास जोडितात. आपल्या गाडीचा काटा कोणत्या जातीचा आहे हें आधीं पाहिल्याशिवाय पुढचा शोध व्यर्थ होय.

गाडी सपाटीवर उभी करून चाकांस दोन्ही बाजूंनीं मोठे दगड लावावे. इंजिन चालू करून टाक्या भरूं द्याव्या. पुरा दाब झाल्यावर फुसकारा ऐकूं येतो व काटा थांबतो. मग इंजिन बंद करून ब्रेक आठदहा वेळां दाबावा. प्रत्येक दाबीस काटा थोडा थोडा उतरला तर तो जिवंत आहे. मुळींच हलला नाहीं तर घड्याळ मेलें किंवा नळी तुंबली. विजेच्या काट्यासाठीं आणखी एक सोपी खूण आहे: मोठे दिवे किंवा पंखा लावतांच काटा उडी मारीत असेल तर दोष तारेच्या अर्थिंगमध्यें आहे, कारण दिवा लावल्यानें टाकींतील हवा कमी होत नाहीं. बिऱ्हाडी बसमध्यें हा दोष फार आढळतो, कारण नवे दिवे व पंखे यांच्या तारा सांपडेल त्या खिळ्यास जोडलेल्या असतात.

एवढ्यानें काटा जिवंत कीं मेलेला हें समजतें. खरा कीं खोटा हें समजत नाहीं. त्यासाठीं दुसरें, खात्रीचें घड्याळ टाकीशींच लावून ताडून पाहावें लागतें. टाकीची सर्व हवा सोडून द्यावी, तपासणीच्या तोंडास किंवा पाणी काढण्याच्या कॉकच्या जागीं तें घट्ट बसवावें व टाकी पुन्हां भरावी. गाडीस दोन काटे असल्यास दोन्ही टाक्या वेगवेगळ्या तपासाव्या. हवा भरलेली असतां कोणताही जोड सोडूं नये. मागील चाकांवरील स्प्रिंगचे डबे तर घरीं कधींच उघडूं नयेत. त्यांतील स्प्रिंग सुटल्यास माणूस जागीं ठार होतो.

टाकीवर ८ व समोर ५ दिसले तर घड्याळाकडे वळावें. नळी फळीखालीं दबली आहे काय, तींत तेल व गंज साचला आहे काय, टाकी रिकामी असतां काटा शून्यावर येतो काय, हें पाहावें. शून्यावर न येणारें घड्याळ दुरुस्त करीत बसूं नये, बदलावें. नव्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांच्या तारांस मात्र हात न लावणें बरें.

दोन्हीकडे ५ च दिसले तर काटा खरा. एकच काटा उतरत असेल तर दोष बहुधा त्या टाकीच्या बाजूस, दोन्ही उतरत असतील तर कॉम्प्रेसर, हवा सुकविणारा डबा किंवा सर्वांस सामाईक असलेल्या जोडांत. साबणाचें पाणी प्रत्येक जोडावर फिरवावें. बुडबुडा चोर दाखवितो. अमेरिकेंत जड गाडीच्या ड्रायव्हरची परीक्षा घेतांना इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून, एकट्या गाडीचा दाब मिनिटास ३ पौंडांहून अधिक उतरूं नये, अशी कसोटी लावितात. ती आपल्याकडेही वापरण्यास हरकत नाहीं. हौसेनें लावलेले प्रेशर हॉर्न प्रथम तपासावे. ब्रेकच्याच नळीस छिद्र पाडून घेतलेली हवा तेथें हमखास गळते. शिवाय पाण्याची टाकी किंवा सामानाची पेटी बसवितांना हवेच्या टाकीचा कॉक झांकून टाकूं नये. तो हातास येत नाहींसा झाला कीं पाणी काढण्याचें राहतें, आंत गंज धरतो, व तोच पुढें नळींत जातो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ऊसगाडीचेंही असेंच होतें.

संत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड, पाटस करून रोटीच्या घाटानें बारामतीकडे जाते. त्या गर्दींत मागून चालणाऱ्या गाडीची स्थिति ध्यानांत घ्यावी. इंजिन मंद चालतें, म्हणून कॉम्प्रेसर हवा थोडी भरतो. ब्रेक मात्र पावलोपावलीं दाबावा लागतो. घरीं निर्दोष दिसलेली बारीक गळती येथें उघडी पडते व काटा घसरूं लागतो. हवा फार उतरली म्हणजे स्प्रिंगचा ब्रेक आपोआप आवळूं लागतो आणि मागील चाकें घासून तापतात. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते, व पुढें माणसें चालत असतात. घाटांत काटा ५ च्या खालीं येऊं लागल्यास गाडी कडेस घेऊन चाकांस दगड लावावे, इंजिन वेगानें चालवून टाकी भरावी, आणि काटा न चढल्यास तेथून पुढें हलूं नये. वरील सारी परीक्षा निघण्यापूर्वीं आठ दिवस करावी, म्हणजे सांपडलेला दोष काढावयास वेळ राहतो; आणि ताडून पाहण्याचें घड्याळ, १० किलोहून अधिक मोजणारें, त्याच्या जोडासह गाडींतच ठेवावें.