'हातात बसतोय' म्हणजे नेमकं किती?

सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा वहीत प्रश्न होता: 'वेल्डिंगच्या कामासाठी सोयीचा आणि सुरक्षित अँगल ग्राइंडर कोणता?' वेल्डरदादांना तसाच विचारला. उत्तर आलं, "ह्योच बगा मॅडम, हातात बसतोय." झाली मुलाखत! तुमचाही पहिला प्रश्न बहुधा असाच मोघम असेल, म्हणून हे लिहितेय.

'सोय' थेट मोजता येत नाही. वजन, पकडीचा घेर आणि कंपन मोजता येतं. त्यातलं कंपन जरा नीट समजून घ्या. आयएसओ ५३४९ हे त्याचं मानक. हँडलवरचं कंपन आणि मशीन किती वेळ चालू होतं, या दोन्हींवरून आठ तासांचा डोस काढतात: तासांना ८ ने भागायचं, वर्गमूळ घ्यायचं, त्याला कंपनाने गुणायचं. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हा डोस २.५ मीटर प्रति सेकंद वर्गला पोचला की मालकाने उपाय सुरू करायचे. ५ ही कमाल मर्यादा.

आता गंमत बघा. समजा एका ग्राइंडरचं कंपन ६ आहे आणि दिवसाचं काम २ तासांत होतं. डोस ३. दुसऱ्याचं कंपन ५, पण ताकद कमी, म्हणून त्याच कामाला ३ तास लागतात. डोस ३.०६! कमी कंपनाचा म्हणून घेतलेला ग्राइंडर हाताला जास्तच पडला. म्हणून तुलना करताना वेल्डची लांबी सारखी ठेवा, वेळ सारखी नको.

आणि वेळ विचारू नका, मोजा. "दिवसभर चालतोय की" यात मार्किंग, टॅकिंग आणि चहासुद्धा धरलेला असतो. स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभं राहायचं, दुसरा मार्ग नाही.

प्रश्नावलीतही मी चुकले होते. परदेशी नमुन्यावरून 'बोटं पांढरी पडतात का?' एवढंच विचारलं. ते प्रामुख्याने थंडीत दिसतं. सोलापूरच्या उन्हात सगळे 'नाही'च म्हणणार. 'रात्री हाताला मुंग्या येतात का?' हेही विचारायला हवं होतं.

सुरक्षिततेचं मात्र थेट गणित आहे. गार्ड काढून ४ इंची मशीनवर ७ इंची डिस्क लावण्याचा जुगाड तुम्हालाही कुठेतरी दिसेल. १८० मिलिमीटरच्या डिस्कवर साधारण ८,५०० आरपीएम छापलेलं असतं, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर. छोटी मशीन ११,००० ने फिरते. तिच्यावर हाच वेग १०४ च्या आसपास जातो. डिस्क फोडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ १.७ पट. आणि तुकडे अडवायला गार्ड नाही.

पण "गार्ड का काढला?" असं विचारलंत तर दादा गप्प बसतील. मी विचारलं, "गार्ड कुठं आडवा येतो?" त्यांनी लगेच चॅनेलचा आतला कोपरा दाखवला. मग लक्षात आलं, अवजाराशिवाय फिरवता येणारा गार्ड आणि हात सुटला की बंद होणारा पॅडल स्विच, हे दोन रकाने माझ्या तक्त्यात नव्हतेच. वॉटचा रकाना तेवढा पहिला होता.